घरपोच ऑइल बदलण्याची सेवा : फिल्टरची डबी उघडी असतानाची पाच मिनिटे

भांडुपला लाल बहादूर शास्त्री मार्गालगत आमची सोसायटी आहे. मेट्रो 4 च्या कामामुळे या रस्त्यावर इतकी धूळ असते की सकाळी पुसलेल्या बॉनेटवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. अशा ठिकाणी, उघड्या पार्किंगमध्ये, डिझेल गाडीचे ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून देणारी घरपोच सेवा मी आतापर्यंत दोनदा घेतली. दोन्ही वेळा आलेला मेकॅनिक वेगळा होता आणि दोघांच्या कामात इतका फरक होता की या सेवेला एकच गुण देणे मला कठीण जाते.

माझी गाडी 2014 सालची आहे. तिचा ऑइल फिल्टर कागदी कार्ट्रिजचा असून तो वरून उघडणाऱ्या झाकणाच्या डबीत बसतो. या रचनेत ऑइल कागदाच्या घड्यांमधून बाहेरून आत येते आणि मधल्या नळीतून पुढे क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगकडे व टर्बोकडे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याकडे) जाते. म्हणजे डबी उघडी असताना मधल्या नळीत जो कचरा पडतो, तो गाळणीच्या पलीकडे पडलेला असतो. फिल्टर नवा असला तरी तो कचरा आधी बेअरिंगमधून फिरून येतो आणि मगच कागदात अडकतो. क्रँकच्या बेअरिंगमधली फट साधारण 25 ते 50 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाडीचा असतो, एवढे लक्षात घेतले की रस्त्यावरच्या रेतीचा कण तिथे काय करील हे वेगळे सांगायला नको. मी नोकरीची बरीच वर्षे हायड्रॉलिक यंत्रांच्या देखभालीत काढली. तिथे फिल्टर उघडण्याआधी भोवतालची जागा पुसली नाही, तर साहेबांची बोलणी ठरलेली असत.

पहिल्या वेळी आलेल्या मुलाने झाकणाभोवती जमलेली तेलकट धूळ तशीच ठेवून पाना लावला. मी हटकले तेव्हा तो म्हणाला, “काका, दोन मिनिटांचं काम आहे, कशाला काळजी करता?” काम खरोखरच दोन मिनिटांत झाले, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. जुने ऑइल खाली उतरायला वेळ न देता त्याने कार्ट्रिज उपसले, त्यामुळे डबीतले काळे ऑइल मधल्या नळीकडे ओघळले. मग त्याने आतली बाजू वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ सुती धाग्यांच्या, गुंत्याने पुसली. वेस्टचे सुटे धागे डोळ्यांना सहज दिसत नाहीत, पण ऑइलच्या बारीक वाटांमध्ये ते अडकू शकतात. जुने ऑइल त्याने चेंबरचा (इंजिनाखाली ऑइल साठते त्या भांड्याचा) नट न उघडता डिपस्टिकच्या वाटेने नळी घालून पंपाने ओढून घेतले. ही पद्धत मुळात वाईट नाही. मात्र तीच नळी आधीच्या गाडीतून निघालेली होती आणि ती त्याने पुसलीही नव्हती. तो गेल्यावर फिल्टरच्या खोक्यात नवी ओ-रिंग (गळती रोखणारी झाकणाची रबरी कडी) तशीच पडलेली सापडली, म्हणजे झाकणावर जुनीच राहिली होती. दोन दिवसांनी झाकणाखाली ऑइलचा ओघळ दिसला. सेवा पुरवणाऱ्यांनी माणूस पाठवून ती ओ-रिंग विनामूल्य बदलून दिली, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. त्यासाठी डबी पुन्हा एकदा उघडावी लागली, हेही नोंदवतो.

दुसऱ्या वेळी, पावसाळ्याच्या तोंडावर, आलेले गृहस्थ पन्नाशीचे होते. त्यांनी आधी गाडी भिंतीच्या आडोशाला घ्यायला लावली, ब्रशने झाकणाभोवतीची माती काढली, ती जागा पुसली आणि त्यानंतरच झाकण थोडे सैल केले. चेंबरचा नट उघडून ऑइल थेंबाथेंबावर येईपर्यंत ते दहा-बारा मिनिटे शांतपणे थांबले. नव्या ओ-रिंगला ताजे ऑइल बोटाने लावले, कारण कोरडी रिंग पिळली जाते आणि तिचा तुकडा तुटला तर तो आतच पडतो. झाकण त्यांनी त्यावर छापलेल्या मापानुसार टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकेच आवळता येणाऱ्या पान्याने) आवळले. गळती नको म्हणून त्यावर सिलिकॉनची पेस्ट फासणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. जास्तीचे सिलिकॉन सुटून इंजिनातल्या ऑइल पंपाच्या जाळीवर बसते, म्हणून यांनी ते वापरले नाही याचे मला विशेष समाधान वाटले. ऑइलही त्यांनी सीलबंद कॅनमधून, पुसलेल्या नरसाळ्याने ओतले. इंजिन सुरू केल्यावर प्रेशरचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझला आणि तोवर त्यांनी ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही. त्यांच्याजवळचा कपडा मात्र जुन्या बनियनचाच, धागे सुटणारा होता.

काम झाल्यावर शेजाऱ्यांनी डिपस्टिक पाहून, “अहो, हे तर लगेच काळं पडलं,” अशी शंका काढली. डिझेल इंजिनात काजळी राहते आणि जुन्या ऑइलचा काही अंश आत उरतोच, त्यामुळे नवे ऑइल थोड्याच किलोमीटरमध्ये काळे दिसते. रंगावरून कामाची पारख होत नाही. दुधाळ रंग दिसला तर मात्र पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा.

डिझेल फिल्टरही याच भेटीत बदलण्याचा प्रस्ताव होता, तो मी नाकारला. कॉमन रेलच्या (एका सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या रचनेच्या) इंजेक्टरमधल्या फटी ऑइलच्या फटींहून कितीतरी बारीक असतात आणि ते काम उघड्या पार्किंगमध्ये, काळ्या ऑइलने माखलेल्या हातमोज्यांनी करण्याचे नाही.

सेवा वेळेवर येते, दर आधी सांगितला जातो आणि सुट्या भागांचे खोके आपल्यासमोर उघडले जाते. वापरलेले ऑइल ते घेऊन जातात; 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे, पण त्याची पावती मागूनही मिळाली नाही. पहिल्या भेटीला मी पाचपैकी दीड आणि दुसऱ्या भेटीला साडेचार गुण देतो. पुढच्या वेळी दुसरे गृहस्थच येणार असतील तरच वेळ ठरवीन, असे फोनवर कळवले आहे, आणि धागे न सुटणारा कपडा या खेपेस घरूनच देणार आहे.