सांधेदुखीच्या तेलाची एक बाटली, दीड महिन्यानंतर

डावा गुडघा आणि उजव्या अंगठ्याचं मूळ, अशी माझी दुखण्याची दोन ठिकाणं. शिलाई मशीनवर २७ वर्षं काढली. पाय पॅडलने खाल्ला आणि अंगठा कात्रीने. एक्स-रेत गुडघ्याची झीज दिसली. डॉक्टर म्हणाले, सुरुवातच आहे, मांडीचे व्यायाम करा. ते करतेच. पण सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं गुडघा लाकडासारखा असतो, त्यासाठी हे तयार तेल आणलं. १०० मिलीची बाटली दीड महिन्यात संपली. आता बोलायला हरकत नाही.

झाकण उघडलं की आधी गंधपुऱ्याचा, म्हणजे विंटरग्रीनच्या तेलाचा वास येतो, तो रात्रभर उशीलाही राहतो. घटकांत पहिलं नाव तिळाच्या तेलाचं, पुढे गंधपुरा, निलगिरी, कापूर, मेंथॉल. लावल्यावर दोन मिनिटांत गार वाटतं, मग हळूहळू ऊब. हे गार वाटणं फसवं आहे, कातडी काही तेवढी थंड झालेली नसते. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतं आणि त्या गडबडीत ठणका थोडा मागे पडतो. अर्धा-पाऊण तास बरं वाटतं, हे मी मान्य करते.

बाटलीवर मात्र लिहिलंय, ‘सांध्यात खोलवर मुरून वंगण पुरवते’. मी आयुष्यभर मशीनला तेल घातलंय. मशीनला तेल सोडायला भोक असतं, गुडघ्याला नसतं. सांध्याचं वंगण त्याच्या आतलं अस्तरच तयार करतं. वरून चोळलेलं तेल तिथे जाऊन ते काम करत नाही आणि झिजलेली कूर्चाही, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, भरून काढत नाही.

मग आराम पडतो कशाने? मी घरच्या घरी करून पाहिलं. एक आठवडा हे तेल नुसतं फासलं, चोळलं अजिबात नाही. पुढचा आठवडा बिनवासाचं साधं तिळाचं तेल घेतलं आणि रोज रात्री दहा मिनिटं नीट मालीश केलं. पहिल्या आठवड्यात चुणचुण भरपूर, पण सकाळचा गुडघा जसाच्या तसा. दुसऱ्या आठवड्यात चौथ्या दिवसापासून पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागली नाही. एका बाईच्या एका गुडघ्याचा हा अनुभव, त्याला फार मोठं करू नका. मात्र २००६ साली अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या ६८ जणांवर मालीशाचा अभ्यास झाला होता. त्यातही आठ आठवड्यांत दुखणं आणि ताठरपणा कमी झालेला दिसला. अर्थात ते शिकलेले हात होते आणि एका वेळी तासभर चालायचं.

माझी पद्धत सांगते. अर्धा चमचा तेल तळहातावर घेऊन हात एकमेकांवर चोळायचे, कोमट होईपर्यंत. पाय समोर लांब सोडायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. सुरुवात गुडघ्यापासून नाही, मांडीपासून. मनगटाजवळच्या तळव्याने वाटीच्या वरून जांघेकडे दाबत न्यायचं, सावकाश, वीसेक वेळा. मांडी सैल झाली की वाटीच्या कडेकडेने बोटांची टोकं गोल फिरवायची. पाय खरंच ढिला सोडला असेल तर वाटी बोटांखाली किंचित सरकते. सरकत नसेल तर तुम्ही मांडी आवळून बसला आहात. वाटीवर थेट जोर नको. गुडघ्यामागच्या खळग्यातही नको, तिथून रक्तवाहिन्या आणि नसा जातात. अंगठ्यासाठी तेल दोनच थेंब, नाहीतर पकड सुटते. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दुसऱ्या हाताने कणीक मळल्यासारखा मळायचा. एरंडेलही वापरून पाहिलं, पण ते इतकं चिकट की हात सरकेना. खोबरेल बरं, फक्त थंडीत थिजतं.

आता तक्रारी, आणि पहिली चूक माझीच. एका रात्री तेल लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवली. सकाळी कातडीवर तळहाताएवढा लाल चट्टा, तो जायला पाच दिवस लागले. मेंथॉल आणि गंधपुरा असलेल्या तेलावर शेक द्यायचा नसतो. ही सूचना बाटलीवर होती, पण इतक्या बारीक अक्षरांत की सुईत दोरा ओवायचा चष्मा लावून वाचली.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. थोरल्या भावाला मी हीच बाटली देणार होते. तो रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन घेतो. औषधांच्या दुकानातल्या मुलीने थांबवलं. गंधपुऱ्यातलं मिथाइल सॅलिसिलेट अ‍ॅस्पिरिनच्याच गोतावळ्यातलं, कातडीतून थोडं रक्तात जातं आणि वॉर्फरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवतं. याबद्दल लेबलवर चकार शब्द नाही, याचा मला राग आला. घरात लहान मूल असेल तर सुटा, शुद्ध गंधपुरा आणूच नका. त्याचा एक लहान चमचा पोटात गेला तरी अ‍ॅस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसेक गोळ्यांएवढा ऐवज होतो.

सांधा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल तर कुठलंच तेल चोळू नका. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तरीही नाही, तिथे गुठळी असू शकते. दोन्ही वेळा आधी डॉक्टर.

पाचपैकी अडीच तारे. वास आवडत असेल आणि वॉर्फरिन चालू नसेल तर वापरा, फक्त चोळायचा कंटाळा करू नका. मी पुन्हा घेणार नाही. रिकामी बाटली मात्र ठेवलीय, कारण तिचं तोंड बारीक आहे आणि तेल थेंबाथेंबाने पडतं. लेबल खरवडून काढलं, चिकटपट्टीवर ‘तीळ’ लिहिलं. परवा भाऊ आला होता, त्यानेही त्यातलंच लावलं.