हत्तींसाठी अंबोसेली की चोबे?

आफ्रिकेत हत्ती दिसणं अवघड नाही. मसाई माराच्या नेहमीच्या सहलीतही दिसतात. पण कुणी खास हत्तींसाठीच निघालं असेल, तर निवड बहुधा दोन जागांवर येऊन थांबते: केनियातलं अंबोसेली आणि बोत्स्वानातलं चोबे, दोन्ही राष्ट्रीय उद्यानं. मी दोन्ही पाहिली आहेत.

अंबोसेलीची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. उद्यान लहान, जेमतेम ३९२ चौरस किलोमीटर. किलिमांजारोचं पाणी जमिनीखालून येतं आणि इथे दलदलीच्या रूपानं वर फुटतं. त्यामुळे आजूबाजूचं रान करपलं तरी इथे हिरवं असतं आणि हत्ती जवळजवळ वर्षभर भेटतात. सकाळी कळपच्या कळप कोरड्या तळ्याच्या पात्रातून दलदलीकडे चालत येतात, संध्याकाळी परततात. सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये इथल्या हत्तींचा अभ्यास सुरू केला, तो आजही चालू आहे. कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहेत. जमिनीला टेकतील असे सुळे बघायचे असतील, तर ती आशा इथेच धरावी. आणि पहाटे ढग चढायच्या आत किलिमांजारो मोकळा दिसला, तर त्या चित्राला चोबेकडे उत्तर नाही.

सोयीचंही पारडं इकडेच झुकतं. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, पुढे चार-पाच तासांचा रस्ता. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. चोबेला जायला विमानं बदलावी लागतात आणि बोत्स्वाना खिशालाही जड जातं.

तरीही मला अंबोसेलीत एक गोष्ट सतत खुपत राहिली: गाड्यांचा आवाज. कळप रस्त्याजवळ आला की वायरलेसवर निरोप जातो आणि बघता बघता गाड्यांची रांग लागते. रस्ता सोडायला परवानगी नाही, ते योग्यच आहे. पण मग जागेसाठी प्रत्येक जण पुढे-मागे करत राहतो, इंजिनं घरघरत राहतात, पांढरा फुफाटा उडतो. जॉइस पूल आणि केटी पेन या संशोधकांनी १९८० च्या दशकात याच अंबोसेलीत हत्तींचे खोल, आपल्या कानांना न ऐकू येणारे हुंकार ध्वनिमुद्रित केले होते. आम्हाला तर ऐकू येण्याजोगे हुंकारही ऐकू येईनात. हत्तीण पिलाला बोलावत असावी, असं तिच्या कानांच्या हालचालीवरून वाटायचं. कानावर पडायचं ते डिझेल इंजिन. प्रत्येकाला असाच अनुभव येईल असं नाही, पण माझं मन तिथेच चोबेकडे वळलं.

चोबेला हत्ती नदीतून पाहायचे. दुपारी तीनच्या सुमारास नदीकाठच्या कासाने गावाहून बोट निघते. बोत्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, जगात कुठल्याही देशापेक्षा जास्त. कोरड्या दिवसांत त्यांतले कितीतरी या काठावर उतरतात. बोटीही बऱ्याच असतात, हे मान्य. पण कळपाजवळ आल्यावर आमच्या नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि मग ऐकू येऊ लागलं: सोंडेतलं पाणी तोंडात सोडताना रांजणात तांब्या रिकामा केल्यासारखा आवाज, चिखलातून पाय उपसल्याचा आवाज, मोठ्या माद्यांची छातीत घुमणारी गुरगुर. पलीकडे सेडुडू बेट आहे. त्यावर नामिबियानंही हक्क सांगितला होता. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ते बोत्स्वानाला दिलं. तिथल्या गवतासाठी हत्ती पोहत जातात, सोंड तेवढी वर आणि पिल्लं मोठ्यांच्या मधे. पाण्याच्या पातळीवरून वर बघताना हत्तीची खरी उंची कळते; गाडीच्या उघड्या टपातून ती मला कधी तशी जाणवली नव्हती.

लहान मुलं बरोबर असतील, मसाई मारा जोडून करायचं असेल किंवा चोबेच्या पावसाळी महिन्यांतच रजा मिळत असेल, तर अंबोसेलीच घ्यावं. नोव्हेंबर ते मार्चमध्ये चोबेचे हत्ती आतल्या रानात पांगतात आणि काठ बराच रिकामा होतो. अंबोसेलीलाही एप्रिल-मे टाळलेले बरे.

बाकी कुणी मला विचारलं, तर ऑगस्ट-सप्टेंबरमधलं चोबे सांगेन. फक्त दुमजली मोठी बोट घेऊ नका. आठ-दहा जणांची सपाट तळाची बोट मागा, आणि काठाशी इंजिन बंद ठेवणार ना, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.