मिरजेतलं हलाल लॉज : गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

अम्मीच्या उपचारांसाठी कराडहून मिरजेला आमची सारखी ये-जा असते. मिशनरी डॉक्टर वॉन्लेससाहेबांनी १८९४ साली इथं दवाखाना काढला आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. पार विजापूरकडचे पेशंट येतात. लॉज पुष्कळ आहेत, पण आम्ही पाहिलेल्या दोन-तीन ठिकाणी खाली परमिट रूम. म्हणून इस्लामी रीतीनं चालणारं हे लॉज धरलं.

दारू नाही, मटण-चिकन हलाल, खोलीत जानमाज (नमाजाची चटई), संडासात पाण्याची सोय. पाटीवर लिहिलंय ते सगळं मिळतं. मला सगळ्यात आवडली ती वजूची, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याची जागा. गुडघ्याच्या उंचीवर नळ, समोर बसायला दगडी ओटा, धरायला दांडा. अम्मीचे गुडघे कामातून गेलेत. दुसरीकडे बेसिनमध्ये पाय उचलताना तिला मी धरून उभा राहायचो. इथं ती एकटी वजू करते. बांधणाऱ्यानं म्हाताऱ्या माणसाचा विचार केलाय.

किब्ल्याचा, म्हणजे नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारा बाण छतावर आहे, मलेशियातल्या हॉटेलांत असतो तसा. आमच्या खोलीतला मात्र सरळ पश्चिमेला होता. मक्का इथून पश्चिमेला खरी, पण थोडी उत्तरेकडे. मोबाइलवर दाखवल्यावर मॅनेजरचाचांनी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतला.

तक्रार रमजानची आहे. सहरीची, म्हणजे रोज्याआधी पहाटे खाण्याची सोय उत्तम, साडेचारला दार वाजवून गरम चपात्या आणि दही द्यायचे. पण दिवसा स्वयंपाकघर बंद. अम्मीला गोळ्यांआधी खावंच लागतं, आणि मऊ भातासाठी मी भर उन्हात बाजारात हिंडलो. आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोज्याची सवलत खुद्द कुराणात दिलेली आहे, नंतर तेवढे रोजे भरून काढायचे. दवाखान्याच्या गावातल्या लॉजमध्ये तर हीच दोन माणसं उतरतात. मग त्यांच्यासाठी चूल बंद ठेवणं कुठल्या उसुलात बसतं? हे मी चाचांना स्पष्ट बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेशंटपुरती खिचडी सुरू केली. शेजारच्या खोलीतल्या अथणीच्या लिंगायत कुटुंबालाही ती मिळाली, अर्थात त्यांचं भांडं वेगळं. दारूचा त्रास नाही म्हणून तेही इथंच उतरतात.

लिफ्ट नाही आणि तळमजल्यावर दोनच खोल्या आहेत. म्हातारं माणूस सोबत असेल तर आधी फोन करून त्यातलीच मागून घ्या.