लाइफबोटच्या हवेच्या बाटल्या: किनाऱ्यावर पाठवायच्या का जागेवरच भरायच्या?

परवा आमच्या धरमपेठेतल्या एका पोराचा फोन आला, टँकर जहाजावर चाललाय, विचारत होता की दादा वरून पूर्ण झाकलेल्या लाइफबोटच्या हवेच्या बाटल्या किनाऱ्यावरच्या सर्व्हिस स्टेशनला पाठवाव्या का जहाजावरच भराव्या. आता नागपूरकराचा समुद्र म्हणजे फुटाळा तलाव, घरी कोणाला विचारणार बिचारा, म्हणून लिहूनच टाकतो.

बाहेर आग-धूर असताना बोट बंद करून निघायचं तर या बाटल्यांची हवा 10 मिनिटं पुरली पाहिजे, बोटीच्या आतला दाब बाहेरपेक्षा कमी नको आणि 20 हेक्टोपास्कलच्या वर जास्त नको, हे पाठच असेल, ते सोडा.

किनाऱ्यावर पाठवण्यात चूक काहीच नाही. हवा कोरडी मिळते, बाटली आतून बघून घेतात, कागद हातात येतो, आणि हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखाली बाटलीची तपासणी) तारीख भरली असेल तर दुसरा रस्ताच नाही. माझं डोकं फिरलं ते जॉइंटवरून. बाटल्या सीटखाली असतात, काढायच्या म्हणजे दाबाच्या नळ्यांचे सगळे नट उघडा, मग त्या अरुंद हॅचमधून बाहेर ओढा. एकदा बंदराबाहेर नांगरावर असताना बाटल्या रात्री छोट्या बोटीतून परत आल्या, घाईत बसवल्या, गेज 200 बार, सगळे खूश, आणि आठ दिवसांनी बघतो तर 170! मग काय, तोंडात टॉर्च, हातात साबणाचं पाणी, सीटखाली पालथा पडून तीन रात्री बुडबुडे शोधत होतो, एक नट जास्त आवळला तर वॉशरच चपटा झाला. तेच जॉइंट त्याआधी दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता तर एक बुडबुडा नव्हता. 2020 च्या 1 जानेवारीपासून वर्षाची तपासणी सर्टिफाइड माणूसच करतो, पण आठवड्याची अन् महिन्याची आपलीच, म्हणजे मधे दाब उतरला तर उत्तर आपणच द्यायचं.

जागेवर भरायचं तर बीए कंप्रेसर (आग लागल्यावर पाठीला लावायच्या श्वसन सेटच्या, म्हणजे बीए सेटच्या, बाटल्या भरायचा), आणि तो हळू आहे बे. आमचा मिनिटाला साधारण 100 लिटर द्यायचा, बीए सेटची 6 लिटरची बाटली 12 मिनिटांत होते पण बोटीतली 50 लिटरची रिकामी असेल तर दीड तासाच्या वर गेलाच. टॉप-अपला मात्र एवढं नाही, 150 वरून 200 ला अर्धा तास धरा. भरताना बाटली तापते, 200 ला बंद केली की सकाळी 185-190 दिसते, घाबरू नका, गार झाल्यावर परत थोडं द्या. फिल्टर वेळेवर बदला नाहीतर ओलावा आत जाऊन बाटली गंजते, हवा ओढायची बाजू फनेलच्या, म्हणजे जहाजाच्या धुराड्याच्या, धुरापासून लांब ठेवा, आणि कार्गोची चढ-उतार चालू असताना हा उद्योग नको.

प्रत्येक जहाज वेगळं, मेकरचं मॅन्युअल आधी बघा, माझंच बरोबर असं नाही म्हणत. पण हायड्रोचं वर्ष सोडून मी बाटल्या हलवत नाही. फक्त जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात चार्जिंगची नळी बोटीपर्यंत पोचते का ते मोजून घ्या, आमची दीड मीटर कमी पडली होती आणि नवीन यायला चार महिने लागले.