ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स: साठीतल्या आणि विशीतल्या खेळाडूंनी एका टेबलावर बसून खेळावं असं पुस्तक

गॅव्हिन नॉर्मन यांचं ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ हे रोलप्लेइंग खेळाच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घेऊन खेळायच्या खेळाच्या, नियमांचं पुस्तक २०१९ साली आलं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या जुन्या खेळाडूंपैकी काहींनी ‘हे तर आपल्याकडे आहेच’ म्हणून ते बाजूला ठेवलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. टॉम मोल्डवे यांचा १९८१चा डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) बेसिक सेट आणि त्याच वर्षीचा डेव्हिड कुक आणि स्टीव्ह मार्श यांचा एक्स्पर्ट सेट, या दोन्हींचे नियम नॉर्मन यांनी जवळजवळ जसेच्या तसे घेतले, शब्द नव्याने लिहिले आणि मांडणी मात्र मुळापासून बदलली. मी याच नियमांवर खेळायला शिकले. तरी हे पुस्तक मी घेतलं आणि आमच्या टेबलावर आणलं. जुन्या दिवसांच्या आठवणी काढायला ते घेतलेलं नव्हतं.

आमच्या टेबलावर तिघे साठीच्या पुढचे आहेत आणि तिघे विशीतले. असा गट जमला की जुन्या खेळाडूच्या वाट्याला काय येतं, ते मी बऱ्याच टेबलांवर पाहिलंय. एक तर त्याला कायमचं डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसवतात, कारण ‘तुम्हाला सगळं येतं’. नाहीतर तो कोपऱ्यात बसून नियम सांगण्याचं काम करतो. पकडीचा नियम काय, अंधारात बाण मारला तर किती उणे, विषावर कुठला सेव्ह (संकटातून वाचायला टाकायचा फासा). प्रश्न आदराने विचारतात, वाईट काहीच नसतं. पण त्या माणसाला स्वतःचं कॅरेक्टर घेऊन भुयारात उतरायचं असतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं. सत्तरीतल्या माणसालाही दार उघडताना पलीकडे काय आहे ते माहीत नसण्याची मजा हवी असते.

हे पुस्तक ती मजा परत देतं, आणि ते जमतं मांडणीमुळे. पुस्तक ए-फाइव्ह आकाराचं आहे आणि बहुतेक विषय समोरासमोरच्या दोन पानांत संपतात. फायटर (लढवय्या) म्हटलं की दोन पानं. लेव्हलचा तक्ता, हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा), सेव्ह, कुठली शस्त्रं चालतात, सगळं एका नजरेत. भुयारातल्या हालचालींचंही तसंच: दहा मिनिटांचा एक टर्न, मशाल सहा टर्न टिकते, कंदिलातलं तेल चोवीस टर्न, तासातला एक टर्न विश्रांतीचा. वाक्यं आखूड आहेत आणि महत्त्वाचे शब्द ठळक छापलेत. यामुळे आमच्यातली सगळ्यात धाकटी मुलगी पहिल्यांदाच रेफरी झाली (या पुस्तकात डीएमला रेफरी म्हणतात) आणि आम्ही तिघे जुने खेळाडू म्हणून बसलो. नियम अडला की तिची मान सवयीने आमच्याकडे वळायची. मी पुस्तकाकडे बोट दाखवायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर ती आमच्याकडे बघेनाशी झाली, कारण पान आमच्या आठवणीपेक्षा लवकर सापडत होतं.

नॉर्मन यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट चौकटी कंसांत आहे. जुन्या पद्धतीत चिलखत जितकं भारी तितका आर्मर क्लासचा आकडा लहान, आणि हल्ला लागला की नाही हे थॅकोवरून (आर्मर क्लास शून्य असलेल्याला मारायला फाशावर लागणारा आकडा) काढायचं. ज्यांनी डी अँड डीच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनंतर खेळायला सुरुवात केली त्यांना नेमकं उलटं माहीत आहे: आकडा मोठा तर चिलखत चांगलं. या पुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी दिलेत. साखळ्यांचं चिलखत ‘५ [१४]’, पहिल्या लेव्हलच्या फायटरचा थॅको ‘१९ [०]’. माझ्या शेजारचे काका मनात एकोणीसमधून पाच वजा करतात, समोरचा मुलगा कंसातला आकडा वाचतो, आणि दोघांनाही वीस बाजूंच्या फाशावर १४च लागतात. कुणाला आपली सवय सोडावी लागत नाही, हिशेब समजावत बसावं लागत नाही, खेळ पुढे जातो. इतक्या छोट्या सोयीत दोन पिढ्यांचा केवढा मोठा मान राखलाय!

आता पुस्तकाच्या उणिवेकडे येते. ते काय करायचं हे सांगतं, का करायचं हे फारसं सांगत नाही. १९८१च्या मोल्डवेंच्या चौसष्ट पानांत खेळ प्रत्यक्ष कसा चालतो याचा एक लांबलचक नमुना होता, संवादांसकट. त्यात एका चोराचा विषारी सुईने जीव जातो आणि बाकीचे पुढे जातात. तो नमुना वाचूनच आमच्यातल्या कित्येकांना खेळ कळला. नॉर्मन यांनी शब्द मोजून वापरलेत. नव्या माणसाच्या हातात पुस्तक नुसतं दिलं तर नियम त्याला पाठ होतील, पण खेळाचा स्वभाव समजायला वेळ लागेल.

एक प्रसंग सांगते. मुलांना गॉब्लिन दिसले की तलवार काढायची सवय. खेळ संपल्यावर एकाने मिळालेले एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) मोजले आणि त्याचा चेहरा पडला. एका गॉब्लिनचे पाच एक्सपी, तेही सगळ्यांत वाटून, आणि फायटरला दुसरी लेव्हल गाठायला दोन हजार लागतात. बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याचा मात्र एक एक्सपी. त्याने विचारलं, ‘‘मग लढायचंच कशाला, काकू?’’ हा प्रश्न पुस्तकाने त्याच्या डोक्यात पेरला होता, पण उत्तर पुस्तकात लिहिलेलं नाही. ते आम्ही दिलं. लढाई हा या खेळात शेवटचा उपाय असतो. शून्य हिट पॉइंट म्हणजे मृत्यू, तिथे दुसरी संधी नाही. म्हणून डोकं चालवायचं, वाट काढायची, बोलणी करायची, सोनं उचलायचं आणि जिवंत बाहेर यायचं.

मग पुढच्या वेळी आम्ही रिअ‍ॅक्शनच्या तक्त्यावर थोडं थांबलो. समोरून कुणी आलं आणि त्यांचा हेतू ठरलेला नसेल, तर रेफरी दोन फासे टाकते. दोन आले तर थेट हल्ला. दोन फाशांवर दोन येण्याची शक्यता छत्तीसात एक. सहा, सात किंवा आठ आले तर समोरचे संभ्रमात असतात, आणि ही शक्यता छत्तीसात सोळा. म्हणजे भेटलेल्यांपैकी बहुतेकांशी काहीतरी बोलायला जागा असते. हे कळल्यावर मुलांचा खेळ बदलला. त्याच मुलाने मशाल खाली धरून गॉब्लिनांना विचारलं की वरच्या मजल्यावरच्या राक्षसाचा त्यांनाही त्रास होतो का. हा मार्ग आम्हा जुन्यांपैकी कुणालाच सुचला नव्हता. इतक्या वर्षांनी टेबलाच्या खेळाडूंच्या बाजूला बसून असं काही ऐकायला मिळालं, त्याचा आनंद मी शब्दांत नीट मांडू शकत नाही.

नकाशा काढण्याचं काम आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या काकांनी मागून घेतलं. चौकटीचा कागद, एक चौकट दहा फूट, आणि कडेला मशालीच्या सहा खुणा, टर्न गेला की एक खोडायची. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे फासे खाली पडू नयेत म्हणून आम्ही कडा असलेला ट्रे ठेवतो आणि मोठ्या आकड्यांचे फासे वापरतो. त्यांच्या रेषा वाकड्या येतात, पण एक बोळ फिरून जिथून निघालो तिथेच येतोय आणि मधल्या जागेत एक खोली दडलेली असणार, हे त्यांनीच ओळखलं. हे नियमांच्या पाठांतरातून येत नाही. ते इतकी भुयारं तुडवल्यामुळे येतं, आणि त्याचा उपयोग खेळाडू म्हणून होतो तेव्हा सगळं टेबल उठून उभं राहतं.

काही गोष्टी विशीतल्यांना खटकतील. एल्फ आणि ड्वार्फ हे वंश इथे स्वतंत्र क्लास (फायटरसारखे कॅरेक्टरचे प्रकार) आहेत आणि त्यांच्या लेव्हलला मर्यादा आहे: ड्वार्फ बारा, एल्फ दहा, हाफलिंग आठ, माणसं मात्र चौदापर्यंत. पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-युजरला (जादूगाराला) एकच मंत्र मिळतो. कॅरेक्टरची ताकद, बुद्धी वगैरे गुण तीन फाशांवर, येतील त्या क्रमाने घ्यायचे. ज्याने आपल्या कॅरेक्टरची चार पानी पूर्वकथा लिहून आणलीय त्याला पहिल्याच खोलीत मरण आलं तर फार लागतं, म्हणून पहिल्या लेव्हलला हिट पॉइंटवर एक किंवा दोन आले तर पुन्हा फासा टाकू देणारा पर्यायी नियम आम्ही चालू ठेवतो. वंश आणि क्लास वेगळे हवे असतील तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड फँटसी’ची पुस्तकं घ्यावीत.

अक्षरांबद्दल: मंत्रांचे आणि खजिन्याचे तक्ते माझ्या डोळ्यांना बारीक पडतात. पीडीएफ टॅब्लेटवर मोठी करून वाचली की अडचण राहत नाही. आधी चव बघायची असेल तर मूळ नियमांची छोटी आवृत्ती फुकट मिळते. एखाद्या संध्याकाळच्या खेळाला ती पुरते.

एकटाच रेफरी पुस्तक वापरणार असेल तर सगळे नियम एकत्र असलेला टोम घ्या. आमच्यासारखा मोठा गट असेल तर पाच पुस्तकांत विभागलेला बॉक्स सेट जास्त कामाचा: मॅजिक-युजर मंत्रांचं पुस्तक चाळत असतो तेव्हा रेफरीच्या हातात मॉन्स्टरचं असतं, आणि कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही.