नायटिया मासा (जीवाश्म): आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरात घेतला, आता जुलै संपत आला. वहीच्या अर्ध्या पानाएवढी फिकट पिवळसर चुनखडीची लादी आणि तिच्यावर साडेनऊ सेंटिमीटरचा तपकिरी मासा. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये, केमररजवळच्या खाणींतला. हेरिंगच्या कुळातला हा नायटिया साधारण ५.२ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे तो भरपूर सापडतो, म्हणूनच माझ्यासारख्या पगारदाराला परवडला.

खाणीतून निघतो तेव्हा माशावर दगडाचा पातळ थर असतो. हवेच्या दाबावर चालणारी बारीक सुई आणि भुकटीचा फवारा यांनी तो कणाकणानं काढावा लागतो. माझ्या माशावरचं हे काम फार मन लावून केलंय. भिंगाखाली बरगडी न् बरगडी मोजता येते, पोटाखालच्या टणक खवल्यांची करवतीसारखी ओळही शाबूत आहे.

तक्रार शेपटीची. विक्रेत्यानं 'संपूर्ण नैसर्गिक' असं लिहिलं होतं. मार्चमध्ये झिओलाइट खनिजं जमवणाऱ्या मित्रानं अंधारात अतिनील टॉर्च मारली आणि शेपटीचं वरचं टोक बाकीच्या माशाहून वेगळं उजळलं. रंगवलेलं होतं. तुटलेला भाग भरून काढण्यात गैर काही नाही, सर्रास करतात. पण ते सांगायला हवं होतं. फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. पुढचा मासा घेताना अतिनील प्रकाशातला फोटो आधी मागणार, तुम्हीही मागा.

पावसाळ्याची मला धास्ती होती. काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, तरी जूनमध्ये लादीच्या कडेचा एक पापुद्रा सुटला. अ‍ॅसिटोनमध्ये पातळ केलेलं पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक अ‍ॅक्रिलिक गोंद) ब्रशनं सोडलं, तेव्हापासून घट्ट आहे. माशाला काही झालं नाही. धूळ कोरड्या मऊ ब्रशनंच काढा. आई एकदा चिंच लावून पुसायला निघाली होती, पितळी समईसारखी! चुनखडी आम्लात विरघळते, त्यामुळे चिंच, लिंबू, व्हिनेगर काहीच चालत नाही.

भाचीनं विचारलं, "मामा, पांडवलेण्यांच्या दगडात असा मासा मिळेल?" तिथे नाही मिळणार, तो लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हा मासा पोहत होता तेव्हा आपल्या डोंगराचा दगड कोटीहून अधिक वर्षं जुना झालेला होता. हे मलाही तिला सांगतानाच पहिल्यांदा उमगलं. आता ती आली की आधी कपाट उघडायला लावते.