चेरी श्रिंपची अंडी पुडीत मिळत नाहीत

चेरी श्रिंपची (माशांच्या टँकमध्ये पाळतात त्या गोड्या पाण्यातल्या छोट्या लाल कोळंबीची) सुकवलेली अंडी म्हणून कुणी पुडी विकत असेल तर कृपा करून घेऊ नका. आमची यात फसवणूक झाली. ती इतक्या पद्धतशीरपणे झाली की अंडी फुटली, पिल्लं डोळ्यांसमोर पोहू लागली, आणि तरीही हाती काहीच आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही भांडुपला राहतो. घरात गप्पी माशांचा टँक बरीच वर्षं आहे. लेकीला ते छोटे लाल चेरी श्रिंप हवे होते, आणि तेही अगदी पिल्लापासून वाढवायचे होते. त्यासाठी वेगळा टँक लावला, स्पंज फिल्टर बसवला, जावा मॉस (पाण्यात वाढणारी शेवाळासारखी वनस्पती) घातलं, टँक नीट मुरू दिला. मग तिला मोबाइलवर जाहिरात दिसली. लालचुटुक श्रिंपचा फोटो आणि खाली ‘२४ तासांत पिल्लं, १०० टक्के गॅरंटी’.

मी विक्रेत्याला विचारलं, अंडीच का, मोठे श्रिंप का नाही? तो म्हणाला, “दादा, जिवंत माल कुरिअरमध्ये मरतो. उन्हाळ्यात तर वाचतच नाही. अंड्यांना काही होत नाही, घरच्या घरी उबवा.” हे पटण्यासारखंच होतं, कारण अर्धं खरं होतं. मुंबईच्या मे महिन्यात बंद खोक्यातले श्रिंप खरोखर दगावतात. पैसे मात्र आधी यूपीआयवर, घरी माल आल्यावर देण्याची सोय नाही.

पार्सलमध्ये नाचणीच्या पिठासारखी तपकिरी पूड होती. सोबत ‘ॲक्टिव्हेटर’ असं लिहिलेली पांढऱ्या खड्यांची पिशवी आणि छापील कागद: ॲक्टिव्हेटर एक लिटर पाण्यात विरघळवा, पूड टाका, एअर पंप चालू ठेवा, पिल्लं दिसली की टँकमध्ये सोडा. सगळं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी बाटलीत नारिंगी ठिपके झटके देत पोहत होते. टॉर्च लावला की सगळे उजेडाकडे धावायचे. लेकीच्या आनंदाला पारावार नव्हता. संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने ते टँकमध्ये सोडले. सकाळी एकही हलत नव्हता. मॉसवर आणि वाळूवर नारिंगी धूळ बसली होती.

इथून पुढचा भाग मला सर्वांत संतापजनक वाटतो. तक्रार केली तर उत्तर तयारच होतं. “मुंबईच्या पाण्यात क्लोरीन असतं दादा, आमचं कंडिशनर वापरा.” ते घेतलं, नवी पुडी घेतली, पुन्हा तेच झालं. मग म्हणे पिल्लं उपाशी मेली, त्यांचं खास बेबी फूड लागतं. दर वेळी दोष आमच्या पाण्याचा, आमच्या टँकचा, आमच्या हाताचा. तेच पाणी गप्पींना चालत होतं, आणि क्लोरीन काढायचं औषध मी आधीपासूनच घालतो. शेवटी एक बाटली तशीच घेऊन क्रॉफर्ड मार्केटला, माशांच्या दुकानांच्या गल्लीत गेलो. एका जुन्या दुकानदाराने बाटली उजेडात धरली आणि लगेच म्हणाले, “अहो, हा आर्टेमिया. माशांच्या पिल्लांचं खाणं आहे हे. याचे श्रिंप कुठून होणार?” घरी येऊन ‘ॲक्टिव्हेटर’चा खडा जिभेवर ठेवला. मीठ होतं, निव्वळ मीठ.

आर्टेमिया हा खाऱ्या सरोवरांतला जीव. त्याची अंडी सुकवून वर्षानुवर्षं ठेवता येतात. मिठाच्या पाण्यात, २६ ते २८ अंश तापमानात, हवा चालू ठेवली की २४ ते ३६ तासांत ती फुटतात. गोड्या पाण्यात गेल्यावर पिल्लं काही तास तग धरतात आणि मरतात. त्या काही तासांवरच ही सगळी लबाडी उभी आहे. पिल्लं निघालेली तुम्ही पाहता, म्हणून विक्रेत्यावर शंका घ्यायचं मनातही येत नाही.

चेरी श्रिंपचं सगळंच वेगळं असतं. मादी २०-३० अंडी पोटाखाली घेऊन फिरते, पायांनी सतत त्यांना वारा घालते, आणि साधारण तीन ते चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात. पिल्लू जेमतेम दोन मिलिमीटरचं, पण आकाराने हुबेहूब आईसारखं, मिशा-पायांसकट. ते पाण्यात तरंगत झटके देत नाही, निघाल्या निघाल्या मॉसला चिकटून चरायला लागतं. ती अंडी वाळली की मेली. त्यामुळे पुडी, कॅप्सूल, कुपी, कशातही ती विकता येत नाहीत. ज्याला पिल्लं हवीत त्याने जिवंत श्रिंपच घ्यावेत, आठ-दहा एकत्र, म्हणजे नर-मादी दोन्ही येतात. आणि ते शक्यतो मुंबईतल्याच कुणा पाळणाऱ्याकडून, टँक डोळ्यांनी पाहून.

त्या दुकानदाराकडून आणखी एक गोष्ट कळली. अमानो श्रिंप, म्हणजे टँकमध्ये पाळायची दुसरी एक जात, ‘घरात भरपूर पिल्लं देतात’ असं सांगूनही खपवतात. अमानो मादी अंडी धरते हे खरं, पण तिच्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं. साध्या टँकमध्ये त्या जगत नाहीत. शेवाळ खायला अमानो उत्तम, पण वंश वाढवायला म्हणून जास्त पैसे मोजू नका.

आम्ही पैसे परत मागितल्यावर त्या पुडीच्या विक्रेत्याने आधी स्वतःचे सगळे मेसेज डिलीट केले आणि मग आम्हाला ब्लॉक केलं. म्हणून पहिल्या दिवसापासून स्क्रीनशॉट काढून ठेवा: जाहिरात, गॅरंटीचा मजकूर, यूपीआय व्यवहार क्रमांक, पार्सलवरचा पत्ता. पार्सल उघडतानाचा व्हिडिओही काढा. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० आणि ग्राहक तक्रारीसाठी १९१५ हे सरकारी क्रमांक आहेत. १९३०ला जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. याचा धंदाच अशा लहान रकमांवर चालतो, आणि याची गिऱ्हाइकं बहुतेक शाळकरी मुलं आहेत. आमची तक्रार नोंदवली गेली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

ज्यांच्याकडे पुडी आधीच येऊन पडली आहे, त्यांनी ती श्रिंपच्या टँकमध्ये ओतू नका. मेलेल्या पिल्लांनी पाणी नासतं आणि सोबतचं मीठ झाडांना मारतं. घरात गप्पी किंवा मॉलीची पिल्लं असतील तर अंडी मिठाच्या पाण्यात फोडा, बारीक कापडातून गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि तेवढंच खायला घाला.